रडक्या झाडाखालची निळी गाडी

आरसेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गॅरेजमध्ये कुणीतरी कधीतरी ठेवलेलं ते नाव, पण असं चिकटलं की घरी येणारे पाहुणेसुद्धा दारातून "आरसेकाका आहेत का?" असंच विचारत. कारण साधं होतं. काकांच्या हातून निघालेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघून माणसाला भांग पाडता यायचा. थोरले मालक तर गाडी ताब्यात देताना स्वतःच्या खिशातला कंगवा काढून गिऱ्हाइकापुढे धरत. टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकापुढेही धरत. तो हसला की काम पसंत पडलं असं समजायचं, अशी त्यांची रीत.

थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांच्या खुर्चीत धाकटे मालक बसत. ते कंगवा बाळगत नसत, पण काकांना मान देत. गॅरेज तेच होतं. रस्त्याच्या बाजूला पत्रा ठोकणाऱ्यांची ठाकठोक, मधे प्लास्टिकच्या पडद्याआड रंग मारायची खोली, आणि अगदी मागे, जिथे ऊन कधी थेट येत नाही अशा खिडकीखाली काकांची जागा. एक बुटकं स्टूल, वर-खाली करता येणारा दिवा, आणि खुंटीला टांगलेली मऊ फडकी. ही फडकी काका घरी नेऊन स्वतः धूत. काकू घरी कपडे शिवत. मशीनवरून उठून दारात आल्या की दोरीकडे बघून म्हणत, "माझे कपडे कडेला आणि यांची फडकी मधोमध उन्हात. या घरात मान कुणाला आहे ते दोरीवरून कळतं."

ऊन तापायला लागलं की काकांच्या कामाला जोर यायचा. हॉस्पिटलच्या आवारात एक उंच, पसरट झाड होतं. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला रडकं झाड म्हणत. गरम दिवसांत त्याच्या फांद्यांतून चिकाचे थेंब गळत. सावली बघून लोक खाली गाडी लावत आणि परत येऊन कपाळाला हात लावत. ताजा थेंब असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं जातो. पण उन्हात भाजून त्याचा मणी झाला की तो रंगाला असा धरून बसतो की ओढायला जावं तर रंगासकट निघतो. लोक घरी सगळे प्रयोग करून मग गॅरेजमध्ये येत. कुणी नखानं खरवडलेलं, कुणी नाण्यानं, कुणी भांडी घासायच्या तारेनं. "चीक गेला हो काका, पण हे ओरखडे कुठून आले कळत नाही," असं निरागस चेहऱ्यानं सांगत. काका म्हणत, "मांजर असेल."

काकांची पद्धत संथ होती. आधी गाडी सावलीत उभी करून निवू द्यायची. मग भरपूर पाण्यानं धुवायची, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली सापडला तरी तो पॉलिश पेपरचं काम करतो. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं मण्यावर नुसतं ठेवायचं. चोळायचं नाही. मणी मऊ झाला की दुसऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन ते त्यावर टेकवायचं आणि हलकेच उचलायचं. पुन्हा टेकवायचं, पुन्हा उचलायचं. शेवटी धुऊन मेणाचा हात. यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ते कुठे थांबायचं ते कळणं.

कारण चीक निघून गेला तरी रंगात त्याची फिकट सावली राहते. मणी अजून बसलाय की त्याची नुसती सावली उरलीय, हे डोळ्याला सांगता येत नाही. ते बोटाला सांगता येतं. काका उजव्या हाताच्या बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवत आणि पत्र्यावरून हात फिरवत. उघड्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतल्या बोटाला लागतं. मिठाचा खडा असावा तसं टोचतं. काकांचे डोळे तेव्हा बहुतेक मिटलेले असत. कुणी काही विचारलं तर ते डावा हात वर करून थांबवत, जणू फोनवर बोलत असावेत.

ती बोटं आता त्यांना काही सांगेनाशी झाली होती.

सुरुवात कधी झाली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आधी मुंग्या आल्यासारखं व्हायचं, तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नाही. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला, त्याचा राग त्यांनी काकूंच्या काजांवर काढला. "काजं लहान करतेस हल्ली." काकू म्हणाल्या, "काजं तीच आहेत. तुमचं पोट मोठं झालं असेल." एके दिवशी काकांनी मशीनवरचं कापड उचलून बाजूला ठेवलं आणि पेपर वाचत बसले. काकू समोरून बघत राहिल्या.

"अहो, तुमच्या बोटात सुई आहे."

काकांनी हात वर करून पाहिला. तर्जनीच्या टोकाला सुई रुतून लोंबत होती, मागे पिवळा दोरा.

"हो का," काका म्हणाले आणि सुई काढून पिनकुशनला टोचली.

काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. काकांची साखर जुनी होती आणि काकांनी ती कधी मनावर घेतली नव्हती. डॉक्टर म्हणाले की बोटांच्या टोकांच्या नसा गेल्यात, आता जपलं तर पुढचं नुकसान थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं नाही. घरी परतल्यावर दारात कुलूप काढताना काकू म्हणाल्या, "मालकांना सांगून टाका."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यांनी सांगितलं नाही. काय सांगणार होते? पत्रा ठोकणाऱ्याची बोटं बधिर झाली तर हातोडी तरी धरता येते. काकांचं सगळं काम बोटांच्या टोकावर होतं. ते टोक गेलं तर मागच्या खिडकीखाली एक म्हातारा माणूस आणि एक स्टूल एवढंच उरत होतं.

मग औषधाच्या दुकानदाराची पांढरी गाडी परत आली. काकांनी बोट फिरवून साफ आहे म्हणून सोडलेली. दुकानदारानं धाकट्या मालकांचा हात धरून टपावर फिरवला. "हे काय, वाळू पसरलीय का?" टपावर अजून मणी होते. धाकटे मालक आत आले.

"काका, घाई केलीत का?"

"हो, जरा घाईच झाली," काका म्हणाले. घाई केली म्हणवून घेणं त्यांना त्या घडीला सोपं वाटलं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात भीती बसली. प्रत्येक डागाशी ते गरजेपेक्षा जास्त थांबू लागले. झालं असं वाटलं की आणखी एक हात, आणि त्यावर आणखी एक. नव्या गाड्यांच्या रंगावर लॅकरचा जाड, पारदर्शक थर असतो, त्या गाड्यांनी ते सोसलं. काकांना वाटलं, निभतंय.

अशात सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलमधल्या सगळ्यात जुन्या नर्स. काकांची मुलगी त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. त्या आता काठी घेऊन चालत होत्या. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्या खाटेवर असताना त्यांची गाडी आवारात रडक्या झाडाखाली तशीच उभी राहिली होती.

"भाऊ, माझं हाड जुळलं," त्या म्हणाल्या, "आता हिचं बघा."

काकांनी गाडी लगेच ओळखली. गर्द निळी, जुन्या घडणीची गाडी. बॉनेटच्या मधोमध एक उभी कडा, नाकासारखी. हिला काकांनीच रंग दिला होता, पूर्ण गाडी एकट्यानं रंगवलेली ही त्यांची पहिलीच. थोरल्या मालकांनी तेव्हा कंगवा काढला होता आणि पुढे न धरता स्वतःच बॉनेटमध्ये बघून केस विंचरले होते. त्या काळच्या रंगावर लॅकर नसायचं. जे काही होतं ते रंगच, आणि इतक्या वर्षांच्या पॉलिशनं तो पातळ झालेला. आता त्यावर टपापासून बॉनेटपर्यंत चिकाचे मणी, मधाच्या रंगाचे, एकमेकांत मिसळलेले.

"काका, झेपेल ना?" धाकट्या मालकांनी विचारलं. विचारायचं म्हणूनच विचारलं.

तिथे बोलायची संधी होती. काकांनी सिस्टरांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "माझाच रंग आहे तो," ते म्हणाले.

त्यांनी सगळं रीतसर केलं. गाडी धुतली, निवू दिली, फडकी ठेवली. बॉनेटच्या सपाट भागावरचे मणी एकेक करून उचलले. काम चांगलं चाललं होतं. जुना रंग फडक्याला थोडा लागतोच, त्यामुळे फडकं निळं होत होतं आणि त्यात वावगं काही नव्हतं. मग ते मधल्या कडेवर आले. कडेवर रंग नेहमीच सगळ्यात पातळ असतो. तिथे तीन-चार मणी ओळीनं होते. ते उचलून झाल्यावर फिकट सावल्या राहिल्या. काकांनी पिशवी चढवली, डोळे मिटले, बोट फिरवलं.

काहीच नाही. गुळगुळीत होतं म्हणून काही नाही की बोट मेलं म्हणून काही नाही? त्यांना औषधवाल्याची पांढरी गाडी आठवली. त्यांनी फडकं पुन्हा घेतलं. एक हात. मग आणखी एक. आपण किती दाबतोय हेही त्यांना कळत नव्हतं. टेकवून उचलायचं काम कधी चोळण्यावर गेलं तेही कळलं नाही. त्यांनी फडकं बाजूला केलं तेव्हा कडेवर बोटभर लांबीचा करडा पट्टा दिसत होता. रंगाखालचा प्रायमर.

काका स्टुलावर बसले. पडद्याआड फवाऱ्याचा आवाज चालू होता. त्यांनी फडक्यानं तो पट्टा झाकला, मग काढलं, मग पुन्हा झाकला.

धाकट्या मालकांनी तो पाहिला. खाली वाकून, दिवा जवळ घेऊन पाहिला. त्यांनी काकांना काही विचारलं नाही.

"चिकानं खाल्लाय रंग," ते म्हणाले. "किती महिने तसाच बसला होता. खाणारच."

काकांनी निळं झालेलं फडकं हाताभोवती गुंडाळलं.

"सिस्टरांना मी सांगतो. चीक रंग खातो हे सगळ्या जगाला माहीत आहे. आपण तेवढ्या जागी रंग देऊ, शेड जुळवायला वेळ लागेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ते चांगल्या मनानं बोलत होते, की त्यांना कळलं होतं आणि झाकून घेत होते, हे काकांना ठरवता आलं नाही. सिस्टर संध्याकाळी आल्या. मालकांनी पट्टा दाखवला, झाडाचं सांगितलं. टपावरचं काम अजून राहिलंय, रंग जुळला की दोन्ही एकदम करू, असंही सांगितलं. सिस्टरांनी काठीवर भार देऊन वाकून पाहिलं.

"झाडानं केलं हे?"

"झाडानंच," मालक म्हणाले.

"भाऊ?"

काका फडकं पिळत होते. फडकं कोरडं होतं. "जुना रंग आहे," ते म्हणाले.

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "मग जाऊ दे ते झाड. हॉस्पिटलवाले कधीपासून तोडायचं म्हणतात, सगळ्यांच्या गाड्यांचं नुकसान होतं म्हणून. मीच आडवी येत होते. आता माझीच गाडी खाल्ली म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं अडवू? जाताना कार्यालयात सांगून टाकते."

त्या निळी गाडी घेऊन गेल्या. कडेवर मालकांनी कागदी पट्टी चिकटवून दिली होती.

घरी काकूंनी ताट वाढलं. काकांनी हात धुतले आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

काकांनी सांगितलं. सगळं, झाडाच्या गोष्टीसकट. काकू ऐकत होत्या आणि हातानं कापडाची घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या.

"म्हणजे घासलं तुम्ही आणि खापर झाडावर," त्या म्हणाल्या.

"मी फोडलं नाही खापर. मालकांनी फोडलं."

"आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?"

"मी काही बोललो नाही."

"हां. तेवढं मात्र तुम्हाला चांगलं जमतं."

काका चिडले. "सांगितलं तर काय होईल कळतं का तुला? उद्या मला म्हणतील, काका, घरी बसा. घरी बसून मी काय करू? तुझे दोरे ओवू? ते तरी ओवता येतात का मला?"

काकूंनी घडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "त्या झाडाखाली बाकं आहेत. तुम्हाला आठवत असेल."

आठवत होतं. हॉस्पिटलच्या आत नातेवाइकांना थांबायला जागा नव्हती. सगळे बाहेर त्या झाडाखालच्या बाकांवर बसत. मुलीच्या वेळी काकूंना आत नेलं तेव्हा काकाही तिथेच बसले होते, आणि बसल्या बसल्या सदऱ्याच्या खांद्यावर चीक पडला होता. तो डाग गेला नाही. काकूंनी शेवटी त्या सदऱ्याच्या पिशव्या शिवल्या.

दुसऱ्या दिवशी काका गॅरेजला जाताना वाट वाकडी करून हॉस्पिटलवरून गेले. झाडाच्या बुंध्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगानं तोडायच्या खुणेची फुली मारली होती. ब्रश फार भिजवून मारलेली. रंगाचे ओघळ सालीवरून खालपर्यंत आले होते. असलं काम काकांनी उमेदवारीतसुद्धा केलं नव्हतं, आणि ते बघून त्यांना आधी त्या कामाचाच राग आला. मग बाकांवर बसलेली माणसं दिसली. एक बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, न उघडता. एक म्हातारा तोंडावर रुमाल टाकून झोपला होता.

आवाराच्या मागे सिस्टरांची खोली होती. एक खाट, एक कपाट, खिडकीत औषधाच्या बाटल्यांत लावलेली रोपं. निळी गाडी दारात उभी होती. काका उंबऱ्यातच थांबले.

"सिस्टर, ते झाडानं केलेलं नाही."

सिस्टर चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी खाली ठेवली. "बसा."

"माझ्या हातून झालं. मी जास्त घासलं. चीक निघाला होता, पण मला कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

काकांनी उजवा हात पुढे केला, जणू त्यावर सगळं लिहिलेलं होतं. सिस्टरांनी तो हातात घेतला. तळवा वर केला, बोटं एकेक करून दाबली. मग डोक्यातली केसांची पिन काढली.

"डोळे मिटा. टोक लागलं तर टोक म्हणा, गोल बाजू लागली तर गोल."

काकांनी डोळे मिटले. आयुष्यभर ते डोळे मिटूनच गाडी तपासत आले होते. आता कुणीतरी त्यांना तपासत होतं. त्यांनी सगळं लक्ष बोटांकडे लावलं. खूप वेळ काहीच झालं नाही.

"सुरू करा ना," ते म्हणाले.

"कधीचीच टोचतेय मी," सिस्टर म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तर रडू येईल असं त्यांना वाटलं. सिस्टरांनी पिन पुन्हा केसांत खोचली, चहाचा कप आणला आणि टेबलावर ठेवला. "कपाच्या कानाला धरून प्या. भाजलेलं कळणार नाही तुम्हाला."

त्यांनी मग हॉस्पिटलच्या कार्यालयात फोन केला. काकांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही, माझी हरकत आहे. हो, काल नव्हती. आज आहे... काल मला चुकीचं कळलं होतं... अहो, पण माणसं ठरवलीत म्हणजे काय, परत पाठवता येत नाहीत?" फोन ठेवून त्या खाटेवर बसल्या.

"बघू म्हणतात. भाऊ, मी इतकी वर्षं नाही म्हणत होते तोवर ठीक होतं. एकदा हो म्हटलं ना, मग त्यांना तेच हवं होतं."

"मी येऊन सांगू का त्यांना?"

"काय सांगणार? झाड निर्दोष आहे म्हणून?" त्या थोडं हसल्या. मग हसू मावळलं. "कालच सांगायचं होतं, भाऊ. तिथेच. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," काका म्हणाले. "विचारलं होतं."

गॅरेजमध्ये धाकट्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "काका, गिऱ्हाइकाला सांगायच्या आधी मला सांगायचं होतं. मी खोटा पडलो." ते खरंच होतं. मालक टेबलावरचं पेन उघडत-मिटत राहिले. "काही दिवस घरी राहा. मग बघू काय करायचं ते." बाहेर पडताना काकांनी मागे वळून पाहिलं. रंगखोलीतला कारागीर खिडकीखालचा दिवा स्वतःच्या उंचीला लावून बघत होता.

झाड पूर्ण तोडलं नाही. सिस्टर काठी घेऊन कार्यालयात जाऊन बसल्या, तेव्हा तडजोड झाली. गाड्यांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या आणि बाकांच्या बाजूच्या ठेवल्या. आता ते एका अंगाला कललेलं, ओझं घेतलेल्या माणसासारखं दिसत होतं. कापलेल्या जागांतून चीक मात्र पूर्वीपेक्षा जास्त वाहत होता. फुली तशीच होती.

कडेवरचा पट्टा गॅरेजच्या कारागिरानं रंगवला. शेड जवळजवळ जुळली. सिस्टरांना फरक दिसला नाही, मालकांना दिसला नाही. काकांना उन्हात लांबून दिसला. डोळे अजून चांगले होते, हीच पंचाईत होती.

टपावरचे मणी राहिले होते. तेवढ्यासाठी सिस्टरांनी गाडी पुन्हा गॅरेजमध्ये पाठवली नाही. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, काका आणि काकू त्यांच्या दारात गेले. सोबत धुतलेली फडकी, स्पिरिटची बाटली, मेणाचा डबा आणि पातळ पिशवी. पाण्याची बादली काकूंनी उचलली. पाणी किती गरम आहे तेही काकूंनीच बोट घालून पाहिलं. काकांनी फडकं पिळून टपावर ठेवलं, थांबले, उचललं. स्पिरिटचं फडकं टेकवलं, उचललं. मग काकूंनी पिशवी हातात चढवली.

"अशी नाही. सैल ठेव. हं. आता वजन न टाकता."

"कापडाचा ताणा-बाणा बोटांनी बघते मी. पत्र्याचं काय मोठंसं." त्यांनी हात फिरवला. चेहरा बदलला. "अगोबाई. हे तर टोचतं."

"कुठे?"

"इथे. आणि इथे बारीक. इथे नाही."

"नक्की नाही? सावली तर दिसतेय."

"दिसू दे. हाताला काही नाही."

काकांनी तिथे पुन्हा फडकं टेकवलं. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "नाही म्हटलं ना मी."

काकांनी फडकं उचललं. काकू पुढच्या डागाकडे वळल्यावर त्यांनी हळूच आपलं उघडं बोट त्या सावलीवर ठेवलं. पत्रा गार असेल, त्यांना वाटलं. सकाळची वेळ होती, गारच असणार. बोटाला गारही कळलं नाही. त्यांनी ते उचललं आणि हात पाठीमागे घेतला.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे आहे," काकू म्हणाल्या. "खूप आहे. या इकडे."